विश्वासात स्थिर राहण्यासाठी नव्या शिष्याने काय करावे

प्रभू येशूवर विश्वास ठेवल्यानंतरचे पहिले काही आठवडे बहुधा उत्साहात जातात. प्रार्थना सहज ओठांवर येते, वचन वाचताना ते आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे असे वाटते आणि मन पुढच्या उपासनेची वाट पाहत असते. पुढे केव्हातरी हा उत्साह ओसरतो, जुन्या सवयी पुन्हा डोके वर काढतात, घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणीतरी टोचून बोलते, आणि ज्याला याची कल्पना आधी कोणी दिलेली नसते तो घाबरून जातो. आपला विश्वास मुळात खरा होता का, असा प्रश्न त्याला पडतो. हा लेख त्या टप्प्यावर उभ्या असलेल्या किंवा लवकरच तेथे पोहोचणाऱ्या नव्या शिष्यांसाठी आहे. उत्साह ही देवाने दिलेली चांगली गोष्ट आहे, परंतु आयुष्यभराचे शिष्यत्व केवळ तिच्या बळावर चालत नाही. मनाशी केलेला निश्चय, तो जिवंत ठेवणाऱ्या साध्या सवयी, सोबत चालणारी मंडळी म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, आणि या सर्वांच्या मुळाशी आपल्याला धरून ठेवणारा देव, यांच्या आधाराने माणूस टिकतो.

आधी किंमत मोजा

येशूने आपल्यामागे येणाऱ्यांपासून काही लपवून ठेवले नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात मोठा लोकसमुदाय त्याच्याबरोबर चालत असताना तो वळून त्यांना बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला देतो. पाया घातल्यावर पैसे संपले तर पाहणारे हसतील, म्हणून शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. त्याच शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात तो म्हणतो की, ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारावे आणि दररोज आपला वधस्तंभ उचलून घ्यावा. निश्चय एकदा होतो, परंतु त्याची किंमत रोज थोडी थोडी द्यावी लागते, हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

यासाठी एक निवांत तास काढून कागदावर प्रामाणिकपणे लिहा: माझ्या कमाईत, माझ्या बोलण्यात, माझ्या नातेसंबंधांत आणि माझा वेळ जेथे जातो तेथे काय बदलावे लागेल? कोणाला माझा हा निर्णय रुचणार नाही? मला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? या प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावर तो कागद पुढे ठेवून प्रार्थना करा आणि जे आज सोडता येईल ते आजच सोडा. जे जड वाटते ते जड वाटते असे देवाला स्पष्ट सांगण्यात अविश्वास नाही.

योहानाच्या ६ व्या अध्यायात येशूचे बोलणे कठीण वाटल्याने पुष्कळ शिष्य परत फिरले, तेव्हा त्याने आपल्या जवळच्या बारा शिष्यांना विचारले की, तुम्हीही जाऊ पाहता काय? पेत्राने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे: प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? सार्वकालिक जीवनाची वचने तर तुझ्याजवळ आहेत. पेत्र येशूजवळ राहिला तो सगळे समजले म्हणून नव्हे. ज्याचे बोलणे अजून पूर्ण उमगले नव्हते त्याच्यावाचून दुसरा कोणी नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. नव्या शिष्याच्या निश्चयाला एवढा पाया पुरेसा आहे.

रोजची वेळ ठरवा आणि ती सांभाळा

माझ्या मते नव्या शिष्याच्या पहिल्या वर्षात याहून महत्त्वाचे काम नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

दानीएलाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात दारयावेश राजाकडून असा हुकूम काढवून घेतला जातो की, ३० दिवसांपर्यंत राजाखेरीज कोणत्याही देवाकडे किंवा माणसाकडे कोणी मागणे करू नये, केल्यास त्याला सिंहांच्या गुहेत टाकावे. हुकमावर सही झाल्याचे कळल्यावर दानीएल घरी जातो आणि यरुशलेमेच्या दिशेने उघडणाऱ्या खिडक्यांपाशी गुडघे टेकून दिवसातून तीन वेळा प्रार्थना करतो, आणि शास्त्र आवर्जून नमूद करते की तो पूर्वीपासून असेच करत आला होता. त्या दिवशी त्याला नवे धैर्य शोधावे लागले नाही. तरुणपणी बाबेलात आणले गेल्यावर राजाच्या अन्नाने स्वतःला विटाळवायचे नाही असा जो निश्चय त्याने मनात केला होता, आणि त्यानंतरच्या दीर्घ आयुष्यात गुडघे टेकण्याची जी सवय त्याने जपली, ती परीक्षेच्या दिवशी कामाला आली. आपली सवय आपण सोप्या दिवसांत लावून घ्यायची असते, कारण कठीण दिवस आल्यावर ती लावून घेण्याइतकी उसंत मिळत नाही.

प्रथम वेळ निश्चित करा. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे आपण वाचतो, आणि पहाट शक्य असेल तर तीच उत्तम. परंतु रात्रपाळी करणाऱ्याने किंवा तान्ह्या बाळाच्या आईने पहाटेचा हट्ट धरून अपराधी वाटून घेऊ नये. दिवसातील जी वेळ सर्वांत कमी वेळा हिरावली जाते ती आपली वेळ. सुरुवातीला १५ ते २० मिनिटे पुरेत. पहिल्याच आठवड्यात दोन तासांचा संकल्प करणारा बहुधा महिनाभरात सगळेच सोडून देतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि शक्यतो छापील पवित्र शास्त्र वापरा.

वाचायला कोठून सुरुवात करावी, हा प्रश्न हमखास येतो. संपूर्ण पवित्र शास्त्र एका वर्षात वाचण्याची योजना पुष्कळजण पहिल्याच वर्षी हाती घेतात. ६६ पुस्तकांच्या पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनहून अधिक अध्याय वाचावे लागतात, आणि लेवीय या पुस्तकातील यज्ञांचे नियम आले की नव्या वाचकाची गती खुंटते. ती योजना चांगली आहे, पण ती पुढच्या वर्षासाठी ठेवा. मी मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करण्यास सुचवेन. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे, आणि येशू कोण आहे व त्याच्यामागे जाणे म्हणजे काय हे दोन प्रश्न त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू राहतात. त्यानंतर योहान, मग प्रेषितांची कृत्ये, मग फिलिप्पैकरांस पत्र आणि याकोबाचे पत्र घ्यावे. सोबत रोज एक स्तोत्र वाचावे.

वाचताना एक छोटा उतारा दोनदा वाचा. पहिल्यांदा काय घडते ते पाहा. दुसऱ्यांदा स्वतःला विचारा की, येथे देवाविषयी काय कळते, माणसाविषयी काय कळते, आणि आज मला काय करायला सांगितले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात वहीत लिहा, आणि ते आजच्या आज करता येण्यासारखे असू द्या: "प्रेम करावे" असे मोघम लिहिण्यापेक्षा ज्या सहकाऱ्याशी अबोला आहे त्याच्याशी आज स्वतःहून बोलेन, असे लिहिलेले अधिक उपयोगी पडते. योहानाच्या ८ व्या अध्यायात येशू म्हणतो की, तुम्ही माझ्या वचनात राहिलात तर खरोखर माझे शिष्य आहात. आणि वचनात राहणे म्हणजे वाचलेले पाळायला लागणे. आठवड्याला एक वचनही पाठ करा. ११९ वे स्तोत्र लिहिणारा सांगतो की, पाप करू नये म्हणून त्याने देवाचे वचन हृदयात साठवून ठेवले. मोहाच्या क्षणी पुस्तक हाताशी नसते, पाठ केलेले वचन मात्र असते.

प्रार्थनेत काय बोलावे हे सुचत नसेल तर मत्तयाच्या ६ व्या अध्यायातील प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका विनंतीवर थांबून ती आपल्या शब्दांत बोला. देवाच्या नावाचा आदर, त्याचे राज्य, त्याची इच्छा, आजची भाकर, क्षमा, मोहापासून रक्षण या क्रमाने चालल्यास आपल्या गरजांनीच सगळी प्रार्थना भरून जात नाही.

एखादा दिवस चुकेल. चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नका. त्या दिवसाचे जे असेल तेवढेच करा. ही वेळ म्हणजे देवाची थकबाकी नव्हे, आणि तिच्यामुळे तो आपल्यावर अधिक प्रेम करू लागतो असेही नाही. त्याने आपल्याला कृपेने आधीच स्वीकारले आहे.

मंडळीत रुजा

एकट्याने विश्वासात टिकून राहण्याची कल्पना नव्या करारात जवळजवळ आढळत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या विश्वासणाऱ्यांविषयी चार गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना, आणि यांत ते नेमाने टिकून होते. इब्री लोकांस पत्र लिहिणारा आपले एकत्र जमणे सोडू नका असे बजावतो, आणि पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून दररोज एकमेकांना बोध करा, असेही सांगतो. फसवणुकीचा स्वभावच असा की ती फसलेल्याला दिसत नाही. ती दाखवायला दुसरा माणूस लागतो.

म्हणून एखादी मंडळी निवडा आणि तेथे नियमित जा. जेथे पवित्र शास्त्र उघडून शिकवले जाते, ख्रिस्ताचा वधस्तंभ व पुनरुत्थान केंद्रस्थानी असते, बाप्तिस्मा व प्रभुभोजन गांभीर्याने पाळले जाते आणि गरिबाला श्रीमंताइतकाच मान मिळतो, अशी मंडळी शोधा. परिपूर्ण मंडळी सापडणार नाही, आणि तिच्या शोधात सतत मंडळ्या बदलत राहिल्यास मुळे कोठेच धरत नाहीत. बाप्तिस्म्याविषयी वेगवेगळ्या परंपरांची पद्धत वेगवेगळी आहे; याबाबत आपल्या पाळकांशी लवकर बोलून घ्या.

मंडळीतील एक प्रौढ विश्वासणारा, शक्यतो पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री, सोबती म्हणून मागून घ्या. आठवड्यातून एकदा भेटा आणि एकमेकांना साधे प्रश्न विचारा: या आठवड्यात काय वाचले, कोठे अडखळलास, कोणाची क्षमा मागायची राहिली आहे, कशासाठी प्रार्थना करू? याकोब आपल्या पत्रात पापे एकमेकांजवळ कबूल करण्यास आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगतो ते याच नात्यासाठी. जे सांगितले जाते ते बाहेर जाणार नाही, असे दोघांनी आधीच ठरवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण नवे शिष्य भोळेपणाने फार मोठे नुकसान सोसतात. आपली निष्ठा ख्रिस्ताशी आहे, कोणत्याही पुढाऱ्याशी नाही. बिरुया या नगरातील लोक प्रत्यक्ष प्रेषित पौलाचे बोलणेही खरे आहे की नाही हे दररोज शास्त्रात शोधून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यासाठी त्यांची प्रशंसा करतो. जो पुढारी प्रश्न विचारू देत नाही, घरच्यांशी व मित्रांशी संबंध तोडायला लावतो, पैशांसाठी भीती घालतो किंवा काही गोष्टी गुप्त ठेवायला सांगतो, त्याच्या आज्ञा पाळणे म्हणजे विश्वासात दृढ राहणे नव्हे. तेथून बाहेर पडा आणि विश्वासू वडीलधाऱ्यांना सांगा. गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे जाण्यातही काही गैर नाही.

पडल्यावर त्याच दिवशी उठा

नवा शिष्य पापात पडला की त्याला वाटते, आता काही दिवस देवासमोर जाऊ नये, थोडे सुधारल्यावर जाऊ. हा विचार पापाइतकाच घातक आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, आपण आपली पापे कबूल केली तर देव विश्वासू व न्यायी असल्यामुळे त्यांची क्षमा करतो आणि आपल्याला शुद्ध करतो. येथे थांबून राहण्याचा काळ सांगितलेला नाही. पापाला त्याच्या नावाने कबूल करा, ज्याचे नुकसान केले असेल त्याला भरून द्या, सोबत्याला सांगा, आणि ज्या वाटेने मोह आला ती वाट बंद करा. एखाद्या विशिष्ट वेळी, विशिष्ट संगतीत किंवा एकांतात फोन हाती असताना वारंवार पडत असाल तर केवळ अधिक कळकळीची प्रार्थना करून भागणार नाही. ती वेळ, ती संगत, ते साधन बदलावे लागेल.

पेत्राचे उदाहरण नव्या शिष्याने पुन्हा पुन्हा वाचावे. तुझ्याबरोबर मरण्यासही तयार आहे असे म्हणणाऱ्या पेत्राने त्याच रात्री तीन वेळा येशूला नाकारले. त्याचा निश्चय खोटा नव्हता, पण तो स्वतःच्या बळावर उभा होता. येशूने मात्र आधीच त्याला सांगितले होते की, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस काय, आणि तीनदा आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. पडण्यापूर्वीच प्रभूची प्रार्थना पेत्रासाठी चालू होती. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की, ज्याने तुमच्यामध्ये चांगले काम आरंभले तो ते सिद्धीस नेईल. आपण प्रयत्न करतो ते या भरवशावर.

कोरडे दिवस आणि शंका

प्रार्थना छतापर्यंतही पोहोचत नाही असे वाटणारे दिवस प्रत्येक शिष्याच्या वाट्याला येतात. त्या दिवसांसाठी स्तोत्रसंहितेतच शब्द दिले आहेत. १३ वे स्तोत्र "हे परमेश्वरा, कोठवर?" या आक्रोशाने सुरू होते, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. अशा वेळी मोठ्याने हीच स्तोत्रे वाचा. जे वाटत नाही ते वाटत असल्याचे नाटक देवासमोर करण्याची गरज नाही. पण ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसणे सोडू नका.

शंका आली तर ती दडपू नका. आजारी मुलाच्या बापाने येशूला "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास दूर करा" असे म्हटले, आणि येशूने त्या मुलाला बरे केले. यहूदा आपल्या छोट्या पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा असे मंडळीला सांगतो. आपला प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून काढा आणि ज्याने त्याचा विचार केला आहे अशा व्यक्तीकडे घेऊन जा.

काही वेळा मात्र ज्याला आपण विश्वासाची कमतरता समजतो तो केवळ थकवा असतो. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रानात एका झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला दटावले नाही. देवदूताने त्याला दोनदा उठवून खायला व प्यायला दिले आणि मध्ये त्याला झोपू दिले. होरेबपर्यंतचा ४० दिवसांचा प्रवास, देवाचा मंद स्वर, नवे काम आणि अलीशासारखा सोबती हे सारे त्यानंतर आले. म्हणून खिन्नता दाटली की आधी झोप, जेवण आणि कामाचा ताण तपासा. ती दीर्घकाळ टिकली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जा. उपचार घेणे हे प्रार्थनेच्या विरोधात नाही.

विरोध होईल तेव्हा

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की, तुमच्या आशेविषयी कोणी विचारल्यास उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. घरच्यांचा विरोध असेल तर वाद जिंकण्याचा प्रयत्न करू नका. आईवडिलांची सेवा पूर्वीपेक्षा अधिक करा, कामात अधिक प्रामाणिक व्हा, आणि जेथे ख्रिस्ताला नाकारायला सांगितले जाते केवळ तेथेच नम्रपणे नकार द्या.

दृढ असणे म्हणजे संकट ओढवून घेणे नव्हे. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा, असे येशूनेच शिष्यांना सांगितले. पौल दिमिष्कातून टोपलीत बसून निसटला, आणि फटके मारण्यासाठी बांधले असता त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला. स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प यांच्या इ. स. १५५ च्या सुमारास झालेल्या हौतात्म्याचा वृत्तांत तेथील मंडळीने लिहून ठेवला आहे. त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाचा उल्लेख येतो, जो स्वतःहून अधिकाऱ्यांपुढे गेला आणि हिंस्र पशू पाहताच खचला. पॉलिकार्प मात्र मित्रांच्या आग्रहावरून आधी एका शेतावर जाऊन राहिले. शोधायला आलेल्यांना त्यांनी जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी थोडा वेळ मागून घेतला. ख्रिस्ताची निंदा केल्यास सोडून देऊ असे सांगितले गेले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, ८६ वर्षे मी त्याची सेवा केली आणि त्याने माझे काहीही वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू? त्या उत्तरामागे ८६ वर्षांची रोजची सोबत होती.

छळापेक्षाही अधिक शिष्य हळूहळू दूर जाण्याने गळतात. पेरणाऱ्याच्या दाखल्यातील काटे म्हणजे संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ, असे येशूने स्वतः स्पष्ट केले आहे. दर तीन महिन्यांनी आपली वही उघडून पाहा: कोणती सवय गळाली, कशाने तिची जागा घेतली?

दुसऱ्याला सोबत घ्या

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात दोन नावे लागोपाठच्या वचनांत येतात. देमास, ज्याला पौलाने पूर्वी आपला सहकारी म्हटले होते, तो या जगावरील प्रेमापायी त्याला सोडून गेला. आणि मार्क, जो पूर्वी पंफुलियातून काम सोडून परतला होता आणि ज्याला पुन्हा बरोबर घ्यायला पौलाने नकार दिला होता, त्याच्याविषयी पौल आता लिहितो की, त्याला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. या दोन घटनांच्या मधल्या काळात पौलाचा जुना सोबती बर्णबा याने मार्काला आपल्याबरोबर कुप्र बेटावर नेले होते, हे विसरू नये.

वर्षभर चालल्यावर तुम्हीही मंडळीत आलेल्या एखाद्या नव्या व्यक्तीकडे लक्ष द्या. शिकवण्याची पात्रता आली नाही म्हणून थांबू नका. आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसून मार्काचा एक छोटा उतारा वाचा, वाचनाचे तेच तीन प्रश्न विचारा आणि एकत्र प्रार्थना करा. ती व्यक्ती सलग दोन रविवार दिसली नाही तर तिला फोन करा. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, प्रश्न लिहून घ्या आणि दोघे मिळून पाळकांकडे जा.